पाच खणांचं कपाट

लग्न झालं तेव्हा मी चौपन्न वर्षांची होते आणि ते एकसष्ट. माझं पहिलं लग्न, त्यांचं दुसरं. मी सव्वीस वर्षं पुण्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते आणि तिथल्याच तळमजल्यावरच्या खोलीत राहत होते. ते पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. यंत्रांचे सुटे भाग केसाएवढ्या फरकानेही चुकू नयेत, हे बघणं त्यांचं काम. त्यांची पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली होती, मुलगी बंगळुरूला नोकरीला होती.

आमची ओळख तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरताना झाली. माझ्या छत्रीची काडी निसटली होती, तर त्यांनी खिशातून छोटी पक्कड काढून ती जागच्या जागी बसवून दिली. फिरायला येताना खिशात पक्कड ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. दोन वर्षांनी आम्ही रजिस्टर लग्न केलं. साक्षीदार म्हणून सही करायला त्यांची मुलगी आली, आणि माझ्या वसतिगृहातल्या अकरा जुन्या मुली आल्या, न बोलावता.

मी त्यांच्या घरी राहायला गेले. खडकवासल्याच्या रस्त्यावर चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन खोल्या, मोठी बाल्कनी. घर नीटनेटकं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "तुम्हाला जे बदलावंसं वाटेल ते बदला. मला विचारू नका." मी काहीही बदललं नाही. चांगलं चाललेलं घर होतं, आणि मला तिथं राहायला मनापासून आवडत होतं.

एकच अडचण होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. बेडरूममध्ये भिंतभर कपाट होतं. त्यातली अर्धी बाजू त्यांची. उरलेली अर्धी त्यांनी माझ्यासाठी रिकामी करून ठेवली होती, पुसूनसुद्धा घेतली होती. पण फळ्यांवर जुन्या कॅलेंडरचे कागद अंथरलेले होते आणि त्या कागदांच्या कडा कात्रीने नागमोडी कापलेल्या होत्या. फार सुंदर कापल्या होत्या. एकही वळण लहानमोठं नव्हतं. कुणी कापले असतील ते उघडच होतं. ते कागद काढायला माझा हात होईना, आणि त्यांच्यावर माझ्या साड्या ठेवायलाही होईना. मी कपाटाचं दार लावून टाकलं आणि माझे कपडे बॅगेतच ठेवत गेले. दोन बॅगा पलंगाखाली. अंघोळीच्या आधी एक ओढायची, हवं ते काढायचं, परत ढकलायची.

तीन महिन्यांनी एका सकाळी ते चहा घेऊन आत आले तेव्हा मी जमिनीवर बसून बॅगेत परकर शोधत होते.

"तुम्ही अजून बॅगेतच कपडे ठेवता?"

"सवय आहे."

"हॉस्टेलमध्ये सव्वीस वर्षं बॅगेत ठेवायचात?"

खोटं बोलायचं वय राहिलं नव्हतं. मी "नाही" म्हणाले. त्यांनी चहाचे कप खिडकीत ठेवले आणि कपाटाची ती बाजू उघडली. थोडा वेळ आत बघत उभे राहिले.

"हे कागद मी काढायला हवे होते," ते म्हणाले.

"नका काढू. इतके छान कापलेत."

"हो. तिचा हात फार बरा होता त्यात." त्यांनी दार लावलं. मग माझ्यासमोर पलंगावर बसले आणि म्हणाले, "तुमच्यासाठी वेगळं कपाट घेऊ. तुमच्या पसंतीचं. तुम्ही निवडा, मी फक्त मोजेन."

त्यांनी त्याच सकाळी मोजलंही. पलंग आणि बाल्कनीचं दार यांच्यामध्ये साडेतीन फूट भिंत मोकळी होती. उंच कपाट तिथं ठेवलं असतं तर उजेड अडला असता. म्हणजे कमरेइतकं, फार तर छातीइतकं, आणि त्याला दारांऐवजी खण. खणांचं कपाट. मला कल्पना एकदम आवडली. दाराच्या कपाटात मागचं काढायला पुढचं पाडावं लागतं. खण कसा, आपणहून सगळं घेऊन आपल्यासमोर येतो.

पहिल्यांदा आम्ही कात्रजच्या बायपासला एका मोठ्या दुकानात गेलो. तीन मजली, थंडगार, आणि प्रत्येक पलंगावर कुणाचं तरी पोर उड्या मारतंय. एका मुलीने आम्हाला पांढरंशुभ्र कपाट दाखवलं.

"मॅम, सॉफ्ट क्लोज आहे. तुम्ही जस्ट टच करा."

मी खण ढकलला. अर्ध्या वाटेत तो माझ्या हातून सुटला आणि आवाज न करता स्वतःच बंद झाला. वसतिगृहात काही मुली अशा होत्या, रागावल्या की दार फार हळू लावायच्या. मला ते कपाट आवडलं नाही. त्यांनी बोटाच्या पेराने त्याच्या बाजूवर टकटक केलं आणि म्हणाले, "दाबलेला भुसा आहे." त्या मुलीने मान्य केलं. म्हणाली, "सर, आता सगळं असंच येतं."

परतताना मी म्हणाले, "जुनं बघू या का?"

"जुनं म्हणजे किती जुनं?"

"भुशाच्या आधीचं."

नाना पेठेत एका बोळात जुन्या फर्निचरचं एक दुकान आहे असं आमच्या शेजारणीने सांगितलं. दुकान कसलं, लांबलचक गोदाम. आत खुर्च्यांवर खुर्च्या, टेबलांवर पलंग, आणि मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. दाराशी सत्तरीचे एक गृहस्थ स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. तेच मालक. त्यांनी मान वर केली नाही.

"काय हवंय?"

"बघतोय," आमचे हे म्हणाले.

"बघायला संग्रहालय आहे. पुढच्या चौकातून उजवीकडे."

मी सव्वीस वर्षं वसतिगृह चालवलेलं असल्यामुळे असल्या बोलण्याने मागे हटत नाही. "खणांचं कपाट हवंय," मी म्हणाले. "साडेतीन फुटांच्या आत. भुशाचं नको."

त्यांनी पेपर दुमडला. "भुसा माझ्याकडे फक्त झाडल्यावर निघतो," ते म्हणाले आणि आत गेले. आम्ही मागोमाग.

त्यांनी दाखवलेलं पहिलंच कपाट बघून मी थांबले. गडद शिसवी रंग, पितळी कड्या, पायांना वाघाचे पंजे, वर चौकटीत बसवलेला आरसा. आरशात मी स्वतःला बघितलं तर मी एखाद्या संस्थानिकाच्या घरात उभी असल्यासारखी दिसत होते. मला ते फार आवडलं. मी तसं तोंडावर दिसू दिलं नाही, पण आमच्या ह्यांच्या लक्षात आलं असावं. सगळ्यात खालचा खण त्यांनी पूर्ण बाहेर काढला, उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि नाकाजवळ नेऊन बघू लागले. मग तळावरून अंगठा फिरवला.

"हे जुनं नाही," ते म्हणाले. "कड्या जुन्या आहेत. खालची फळी प्लायवूडची आहे, आणि बाजूला यंत्राच्या करवतीच्या खुणा आहेत. चारपाच वर्षांपूर्वीचं असेल."

मला वाटलं आता भांडण होणार. मालक शांत होते.

"मी कुठे म्हणालो जुनं आहे? तुम्हीच समोर उभे राहिलात."

"मग आम्हाला दाखवलंत कशाला?"

"कळतं का ते बघायला. पुष्कळ लोक वाघाचे पंजे बघून घेऊन जातात. सुखात असतात." त्यांनी खण परत आत सरकवला. मग आमच्या ह्यांना विचारलं, "तुम्ही सुतार का?"

"टूलरूम."

"अस्सं," ते म्हणाले आणि समोरच्या टपरीवाल्याला तीन चहा सांगितले.

त्या दिवसानंतर आम्ही तिथं आणखी दोनदा गेलो. घेण्यासारखं काही नव्हतं, पण आम्हाला जायला आवडायला लागलं होतं. बसने मंडईपर्यंत, मग चालत. मालक मला शिकवायचे. फळ्यांचे कोपरे बघा, म्हणायचे. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तशा फळ्या एकमेकींत घुसलेल्या असल्या तर बनवणाऱ्याला काम येत होतं. नुसते खिळे ठोकलेले असले तर त्याला घरी जायची घाई होती. सागवान कसं ओळखायचं, पॉलिशखाली डाग कसे लपवतात, वाळवीने आतून पोखरलेली फळी वाजवल्यावर कशी बोलते, हे सगळं मी त्या बोळात शिकले. त्या दोघांचं तर फारच जमलं. एकमेकांची चूक काढायची संधी दोघंही सोडत नव्हते आणि दोघांनाही त्याने बरं वाटत होतं.

तिसऱ्या खेपेला मालक म्हणाले, "मागे एक आहे. साधं आहे. तुम्हाला नाही आवडणार, पण बघा."

गोदामाच्या अगदी मागे, घडीच्या खुर्च्यांच्या ढिगाखाली गोणपाट टाकून ठेवलेलं होतं. खुर्च्या काढायला अर्धा तास लागला. गोणपाट ओढलं तशी आम्ही तिघंही शिंकलो. धूळ बसल्यावर बघितलं. सागवानी, सरळसोट. वर दोन लहान खण शेजारीशेजारी, खाली तीन मोठे. नक्षी नाही, पंजे नाहीत. लाकडाच्याच गोल मुठी, इतकी वर्षं हात लागून लागून खालच्या बाजूने गुळगुळीत झालेल्या. वरच्या फळीवर वाटीच्या बुडाएवढा काळसर गोल डाग.

मी मधला खण ओढला. तो जरा अडला, मग एका लयीत बाहेर आला, आतून कापरासारखा, औषधासारखा वास घेऊन. मी तो परत ढकलला. आणि सगळ्यात वरचा, उजवीकडचा लहान खण हलकेच दोन बोटं बाहेर आला. त्याला कुणीही हात लावला नव्हता.

मी दचकून मागे झाले. आमचे हे मात्र पुढे झाले. त्यांनी तो लहान खण बंद केला, तर शेजारचा बाहेर आला. तो बंद केला, तर मधला. त्यांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा बघितला नव्हता. शाळेतल्या मुलासारखा झाला होता.

"हवा," ते म्हणाले. "आतली हवा जायला फट नाही. इतके चपखल बसलेत खण. एक ढकलला की ती हवा दुसऱ्याला बाहेर काढते." त्यांनी परत करून बघितलं. परत एकदा. "हे कुणी हाताने केलंय. हाताने, रंधा मारून. मी यंत्रावर एवढं करायला दिवस घालवायचो."

"घ्यायचं आहे की खेळायचं आहे?" मालकांनी विचारलं.

घ्यायचंच होतं. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मला कपाटाच्या डाव्या अंगावर लिहिलेलं दिसलं. पांढऱ्या ऑइलपेंटने, चांगला हातभर मोठा आकडा. सत्तेचाळीस. त्याखाली एक रेघ.

माझा सगळा उत्साह गेला. "हे नको," मी म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं तेव्हा माझा आवाज मलाच जरा विचित्र वाटला. वसतिगृहातल्या प्रत्येक वस्तूवर असा नंबर होता. माझ्या खोलीतल्यासुद्धा. खाट एकशे बारा, टेबल तीस, कपाट नऊ, खुर्ची दोनशे चार. दर मार्चमध्ये ऑफिसचा माणूस वही घेऊन यायचा आणि माझ्या खोलीतल्या वस्तू बघून खुणा करून जायचा. तो चांगला माणूस होता, अगदी अदबीने करायचा. पण सव्वीस वर्षांत मी झोपले ती खाट माझी नव्हती, लिहिलं ते टेबल माझं नव्हतं. लग्नाला निघाले तेव्हा माझ्या मालकीची लाकडी वस्तू म्हणजे एक पोळपाट आणि लाटणं.

"दवाखान्याच्या लिलावातलं आहे," मालक म्हणाले. "म्हणून नंबर. पॉलिशवाल्याला सांगतो, अर्ध्या तासात काढून टाकेल."

"मी काढते," मी म्हणाले.

"तुम्हाला जमणार नाही."

"नाही जमलं तर सांगेन."

मालकांनी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघताय? मी फक्त मोजतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच गेले. जुनी सुती साडी, डोक्याला फडकं. मालकांनी मला तीन प्रकारचा पॉलिश पेपर दिला, खरखरीत, मध्यम आणि अगदी मऊ, आणि म्हणाले, "लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासायचं. आडवं घासलंत तर मला दाखवू नका." मी स्टूल घेऊन कपाटाच्या डाव्या बाजूला बसले आणि घासायला लागले. रंग चिवट होता. चार हा आकडा जायला एक तास लागला. खांदा दुखायला लागला. पण रंगाखालून लाकूड दिसायला लागलं, आधी पांढुरकं, मग मधासारखं, आणि मला इतका आनंद होत होता की मी गुणगुणत होते. मालकांनी बाहेरून ओरडून सांगितलं, "गाणं आत ठेवा." मी गात राहिले.

सातावर असताना एक तरुण जोडपं आत आलं. दोघांच्याही गळ्यात कंपनीची ओळखपत्रं. मुलीने माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, हे केवढ्याला?"

तिला मी दुकानातली कामाची बाई वाटले होते. मला गंमत वाटली. मी म्हटलं, "किंमत नंतर विचार. आधी खण बाहेर काढून उलटा करून बघ. कोपरे बघ. बोटं गुंफल्यासारखे आहेत का?"

तिने खरंच काढला. मुलगा मोबाइलचा टॉर्च लावून बघायला लागला. मी त्यांना सगळं सांगितलं, वाळवीचं, प्लायवूडचं, हवेचं. मुलीने खण बंद केला, वरचा बाहेर आला, आणि ती म्हणाली, "ओ माय गॉड, हेच घेऊ या ना. प्लीज."

तेवढ्यात मालक दारातून आत आले. "ते नाही मिळणार," ते म्हणाले.

"का? विकायला नाहीये?"

"विकलं गेलंय. ह्यांचं आहे." त्यांनी माझ्याकडे हात केला. "स्वतःची वस्तू घासतायत."

मुलगी ओशाळली, सॉरी सॉरी म्हणायला लागली. मी म्हटलं, अगं, काही नाही. पण मला पुढचं नीट दिसेना, म्हणून मी तोंड फिरवून परत घासायला सुरुवात केली. मालक त्या दोघांना घेऊन वाघाच्या पंजांकडे गेले. ती जाताना मी तिला हळूच म्हटलं, "खालून बघ." तिने मान हलवली.

संध्याकाळपर्यंत आकडा गेला. मालकांनी हाताने चाचपून बघितलं, तिरक्या उजेडात बघितलं.

"बरं आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला लोक वर्षानुवर्षं येत असणार.

रविवारी टेम्पो आला. टेम्पोवाले यवतमाळकडचे, चाळिशीचे, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे मेहुणे. दोघंही अंगाने सडसडीत. कपाट खाली उतरवल्यावर कळलं की ते लिफ्टमध्ये जात नाही. आमच्या ह्यांनी लिफ्टचं दार मोजलं होतं, पण दाराच्या आत हात धरायचा दांडा बसवलाय तो मोजला नव्हता. त्यांना त्याचं फार वाईट वाटलं. टेम्पोवाले म्हणाले, "काही टेन्शन नका घेऊ जी, चार मजले तर आहेत. खण काढून घ्या फक्त."

मी पाचही खण काढून पार्किंगमध्ये रांगेत मांडले. सुटीचा दिवस, सोसायटीतल्या बायका खाली भाजीच्या गाडीपाशी होत्या. त्या आल्या. काय, कुठून, केवढ्याचं, सगळं विचारून झालं. मग पहिल्या मजल्यावरच्या आजींनी भाजीची पिशवी एका लहान खणात ठेवली आणि तो खण उचलला. म्हणाल्या, "चला, रिकाम्या हाताने कशाला चढायचं?" पाठोपाठ बाकीच्यांनी उचलले. मोठ्या खणाला दोघीदोघी. अशी आमची मिरवणूक जिन्याने वर गेली, पुढे मेथी आणि कोथिंबीर.

सांगाडा मात्र जड निघाला. पुढे टेम्पोवाले, मागे त्यांचे मेहुणे, मध्ये आधाराला आम्ही दोघं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तो अडकला. पुढे जाईना, मागे येईना. मी भिंत आणि कपाट यांच्यामध्ये हात घालून कोपरा सोडवायला बघत होते, आणि टेम्पोवाल्यांनी तेवढ्यात वरून जोर लावला.

"अगं, हात काढ तुझा," आमचे हे ओरडले. "चेंगरेल, वेडे, काढ आधी."

मी हात काढला. कपाट भिंतीला घासून सुटलं. भिंतीचा पोपडा निघाला, कपाटाला काही झालं नाही. टेम्पोवाले "हां, आलं आलं" म्हणत वर चढायला लागले. आम्ही दोघं मात्र त्या वळणावर उभेच राहिलो. इतक्या दिवसांत आम्ही एकमेकांना अहो-जाहोच करत होतो. एकेरीवर यायचं कसं, हे दोघांनाही माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती.

"मघाशी मी जरा..." कपाट जागेवर बसून, टेम्पोवाले सरबत पिऊन गेल्यावर ते म्हणाले. "तोंडातून गेलं. रागावू नका."

"परत म्हणा."

"काय?"

"तेच."

त्यांनी बराच विचार केला. "हात काढ," ते म्हणाले. मी हसायला लागले ती थांबेचना. मग तेही.

कपाट तिथं फार शोभलं. बाल्कनीतून सकाळचं ऊन येऊन घासलेल्या बाजूवर पडायचं. मी बॅगा उघडल्या आणि दिवसभर कपडे लावत बसले. एकदा लावले, काढले, दुसऱ्या क्रमाने लावले. वरचा डावा लहान खण त्यांनी मागून घेतला, चष्म्याच्या घरांसाठी आणि मोजायच्या हत्यारांसाठी. खणांत मी कागद घातला नाही, मला लाकूड बघायला आवडायचं. त्यामुळे पहिला महिनाभर माझ्या सगळ्या साड्यांना दवाखान्याचा वास होता. "रोज सकाळी मला डिस्चार्ज मिळाल्यासारखं वाटतं," ते म्हणायचे.

पावसाळ्याचं मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. श्रावणात लाकूड फुगलं. एकेक खण जड होत गेला आणि सगळ्यात खालचा बंद झाला तो झालाच. त्यात माझ्या ठेवणीतल्या साड्या. मी म्हटलं, राहू दे, कुठे जायचंय.

त्यांच्या घरच्या गौरी मधली वर्षं त्यांच्या धाकट्या भावाकडे बसत होत्या. यंदा त्या आमच्याकडे आल्या. मुलगी बंगळुरूहून चार दिवस आली होती. जेवणाच्या दिवशी सगळा स्वयंपाक होत आला, दीर आणि जाऊबाई तासाभरात पोचणार होते, आणि मी आंघोळ करून कपाटापाशी उभी. वसतिगृहातल्या मुलींनी निरोपाला दिलेली जांभळी पैठणी मला नेसायची होती. ती खालच्या खणात.

मुलीने ओढून बघितलं, मी ओढलं. मुठी निखळायची वेळ आली. मग ते आले. सोवळं नेसलेले, हातात मेणबत्ती. कडांना मेण चोळून बघितलं. काही नाही. ते जमिनीवर बसले आणि कपाटाकडे बघत राहिले. मला ती नजर आता ओळखीची झाली होती.

"वरचा निघतोय ना?" त्यांनी विचारलं.

वरचा खण जोर लावल्यावर निघाला. तो पूर्ण बाहेर काढून त्यांनी बाजूला ठेवला. दोन खणांच्या मध्ये फळी नव्हती. त्या मोकळ्या जागेतून खालच्या खणात थेट हात जात होता.

"टॉर्च धर," ते मुलीला म्हणाले, आणि मला म्हणाले, "रंग सांग."

"जांभळा. हिरवे काठ."

ते पालथे पडले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. आधी एक मोरपंखी सिल्क आली, मग माझी लग्नातली साडी, मग दोन ब्लाउज. मुलगी हसून हसून टॉर्च हलवत होती आणि ते ओरडत होते की उजेड स्थिर ठेव. चौथ्या खेपेला पैठणी आली, पदराकडून, वीतवीत ओढत, विहिरीतून दोर काढावा तशी. बाहेर आली तेव्हा घडी पार मोडली होती.

इस्त्रीला वेळ नव्हता. दारावर बेल वाजत होती. मी तशीच नेसले. मुलीने निऱ्या धरल्या आणि मागून पदर नीट केला.

पंगतीत जाऊबाईंनी माझ्याकडे दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा मी पुरणपोळी वाढायला वाकले तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"वहिनी, साडी फार सुंदर आहे. इस्त्री राहिली वाटतं?"

"कपाट देत नव्हतं," मी म्हणाले. "ह्यांनी झोपून काढली."

जाऊबाईंना त्यातलं काय कळलं कोण जाणे. त्यांनी पुढे विचारलं नाही. समोरच्या पाटावर मुलीला ठसका लागला, आणि मी तिच्यापुढे पाण्याचं भांडं सरकवून कटाची आमटी आणायला आत गेले.